खडू आणि रॉकेल

कालवा म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे, असं मी बावीस वर्षांचा होईपर्यंत समजत होतो. आम्ही नाशिकच्या द्वारकेचे. गंगापूर धरणाचा उजवा कालवा तेव्हा शहराच्या अंगानं वाहायचा. आवर्तन सुटलं की शाळा बुडवून आम्ही त्यात डुंबायचो आणि पाटकऱ्याची सायकल दिसली की ओल्या चड्ड्यांनिशी पळ काढायचो. पाणी गोडं, एकाच दिशेनं जाणारं, पाळी संपली की तळाचा चिखल दाखवणारं. ते पिकासाठी होतं. त्यावर जहाज चालतं असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला खुळ्यात काढलं असतं.

१९७८ च्या डिसेंबरात मी गोव्यात, कुंभारजुव्याच्या कालव्यावरच्या एका बार्ज दुरुस्तीच्या यार्डात वेल्डर म्हणून लागलो. पहिल्या दिवशी सकाळी कालव्याचं पाणी उजवीकडे चाललं होतं. दुपारी जेवून आलो तर तेच पाणी डावीकडे निघालेलं. मी शेजारी उभ्या असलेल्या मेस्ताला, म्हणजे मिस्त्रीला, विचारलं, हे असं कसं? "भरती-सुकती," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या हातात हातोडी दिली.

हातोडी मला नवी नव्हती. द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो ती जागा. आमच्या वडिलांचं, आप्पांचं, ट्रकचं गॅरेज तिथून वडाळा नाक्याच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. दारात कडुलिंब, त्याखाली दोन बाजा. लासलगाव-पिंपळगावहून कांदा भरून निघालेले ट्रक कसाऱ्याचा घाट उतरण्याआधी आमच्याकडे थांबत. कमानीचा एखादा पाटा तुटलेला, ब्रेक लायनर झिजलेले, रेडिएटर गळका. ड्रायव्हर बाजेवर आडवे व्हायचे आणि आप्पा ट्रकभोवती एक फेरी मारायचे. प्रत्येक चाकाच्या प्रत्येक नटावर हातोडी टेकवत जायचे. घट्ट नट टण्ण वाजतो, ढिला नट ठस्स करतो. ही फेरी फुकट होती. ड्रायव्हरनं सांगितलेलं काम वेगळं आणि ही फेरी वेगळी. "गाडी आपल्या दारातून गेली म्हणजे ती आपली," असं त्यांचं म्हणणं होतं.

सातपूरच्या आयटीआयमधून वेल्डिंगचं सर्टिफिकेट घेतलं तेव्हा मी गॅरेजातच बसणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण एका ड्रायव्हरनं सांगितलं, गोव्यात खाणवाल्यांच्या बार्जी आहेत, वेल्डर मिळत नाही, पगार चांगला. भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट धरली. रात्रभर डेकवर कुडकुडत बसलो. समुद्र मी त्याआधी पाहिलेला नव्हता, आणि पाहिला तो थेट मधोमध जाऊन.

कुंभारजुव्याचा कालवा हा आपल्या पाटासारखा खणून काढलेला नाही. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारी ती नैसर्गिक खाडी, लांबी सतराएक किलोमीटर. तिच्यामुळेच तिसवाडीचं बेट झालं. दोन्ही काठांना खारफुटी, तिच्यामागे खाजनाची शेतं, शेतांना मातीचे बांध, बांधांत पाणी आत-बाहेर सोडणारी लाकडी दारं. त्यांना तिथे मानस म्हणतात. हे पाणी फार जुन्या लढायांनी ओळखीचं आहे. बाणस्तारीचा किल्ला पोर्तुगिजांच्या अल्बुकर्कनं १५१२ साली आदिलशाही फौजेकडून घेतला तो याच पाण्यावर. आणि २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री मराठे जुव्याच्या बेटावर चढले ते सुकतीचा मोका साधून, पाणी उतरलेलं असताना. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः चालून आला आणि जखमी होऊन परतला. संभाजीराजांनी त्याच्या पाठलागावर घोडा पाण्यात घातला, तोवर भरती चढली होती, आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, असं सांगतात. शाळेत हा धडा मी घोकला होता. त्यातलं भरती-ओहोटीचं महत्त्व मला यार्डात कळलं.

आमचं सगळं काम त्या पाण्याच्या वेळापत्रकावर चालायचं. ऑफिसात घड्याळाशेजारी कालनिर्णय टांगलेलं असे आणि मुकादम आधी कालनिर्णय बघायचा. बार्ज वर ओढायची तर उधाणाची भरती लागते, म्हणजे अमावास्या नाहीतर पौर्णिमा. त्या आगेमागेचे दोन-तीन दिवस हुकले तर पुढचा पंधरवडा. यार्डातून दोन रूळ उतरते होत थेट पाण्याखाली गेलेले. त्यावर लोखंडी पाळणा. भरती टिपेला आली की रिकामी बार्ज पाळण्यावर आणायची, बुडी मारणाऱ्यानं खाली जाऊन ती नीट बसली का ते चाचपायचं, मग विंच सुरू. तारेचा दोर ताणला जाताना एक बारीक करकर निघते. ती ऐकताना कुणी बोलत नसे. साठ-पासष्ट मीटर लांबीचं लोखंड इंचाइंचानं पाण्याबाहेर यायचं, आणि पोटाला चिकटलेल्या शिंपल्यांचा, शेवाळाचा उग्र वास साऱ्या काठावर पसरायचा. त्यात कालवंही असायची. कालव्यातली कालवं, असं मी घरी पत्रात लिहिल्याचं आठवतं. आईला ती गंमत समजली नाही, तिनं कालवं पाहिलेलीच नव्हती.

बार्जीचं काम काय, तर खनिज वाहायचं. मांडवीकाठी आमोणे, सारमानस, उसगाव, जुवारीकाठी सावर्डे, कापशे अशा धक्क्यांवर डोंगरातून आलेली लोहखनिजाची लाल माती भरायची आणि मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांपर्यंत न्यायची. एरवी मांडवीच्या बार्जी पणजीवरून आग्वादच्या तोंडानं समुद्रात निघून मुरगावला वळायच्या. पण पावसाळ्यात ते तोंड खवळतं, वाळूचा दांडा वर येतो आणि तिथून जाणं बंद होतं. मग उरतो तो कुंभारजुव्याचा कालवा. आतल्या आत, डोंगराच्या आडोशानं, मांडवीतून जुवारीत. आज सरकारी यादीत त्याला राष्ट्रीय जलमार्ग २७ असा क्रमांक आहे. आमच्या वेळी त्याला नंबर नव्हता. तो नसता तर जून ते सप्टेंबर मांडवीवरच्या बार्जी जागेवर अडकून पडल्या असत्या.

दुरुस्तीचा हंगामही पावसाळ्यातच. माल कमी, बार्जी मोकळ्या, सर्व्हेचं सर्टिफिकेट घ्यायचं असायचं. नाशिकला पावसाळा म्हणजे गॅरेजात बसून भजी खायचे दिवस. ट्रक कमी, शेतकरी शेतात. गोव्यात ताडपत्र्या बांधून, धो धो पावसात, ओल्या हातमोज्यांनी वेल्डिंग करायचं. करंटचा झटका बसला नाही असा वेल्डर मी तिथे पाहिला नाही.

मला काम शिकवलं ते त्याच मेस्तानं. तो मूळ सुताराच्या घरातला. त्याच्या आजोबांनी लाकडी पाटमारी बांधलेल्या, वडिलांनी लोखंडी बार्जीला हात लावलेला, हा पूर्ण लोखंडाचा. गोव्याला ही परंपरा जुनी आहे. जुन्या गोव्यात मांडवीकाठी पोर्तुगिजांची रिबेरा नावाची गोदी होती, लिस्बनहून सहा-सहा महिने समुद्र कापून आलेली जहाजं तिथे दुरुस्तीला लागत. आपल्याकडे विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे वाघोटणच्या खाडीत मराठी आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे, तीही भरतीच्या पाण्यावरच चालायची. वास्कोच्या गोवा शिपयार्डची सुरुवात १९५७ साली झाली तीसुद्धा खाणींच्या बार्जी डोळ्यांसमोर ठेवूनच. पुढे तिथे नौदलाची जहाजं बांधली जाऊ लागली. कालव्यावरची आमची यार्डं लहानच राहिली.

मेस्त काय करायचा? बार्ज वर आली, घासून धुऊन झाली की तो खडू आणि हातोडी घेऊन तिच्या पोटाखाली शिरायचा. प्लेटीवर ठोकायचा, ऐकायचा, पुढे सरकायचा. जाड प्लेट एक बोलते, गंजून कागद झालेली दुसरं बोलते. जिथे संशय तिथे खडूनं गोल. आप्पांची ट्रकभोवतीची फेरी आणि ही फेरी यांत मला काहीच फरक वाटला नाही. फक्त इथे चाकाच्या जागी दोनेकशे फुटांचं पोट होतं. नंतर प्लेटीची जाडी मोजणारं यंत्र आलं. सर्व्हेचा साहेब यंत्र लावत लावत येई आणि त्याचे आकडे बहुतेक वेळा मेस्ताच्या गोलांच्या आतच घसरलेले दिसत.

खराब प्लेट गॅसनं कापून काढायची, आतल्या फासळ्या तपासायच्या, नवी प्लेट बसवून शिवण मारायची. आणि मग परीक्षा. शिवणीच्या बाहेरच्या अंगाला खडू घासून पांढराशुभ्र पट्टा करायचा. आतल्या अंगानं ब्रशनं रॉकेल फासायचं. मग वाट बघायची. अर्धा तास, कधी तास. वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढं जरी भोक राहिलं असेल तर रॉकेल त्यातून वाट काढतं आणि पांढऱ्या खडूवर एक काळपट ओला ठिपका उमटतो. माझ्या पहिल्या शिवणीवर सात ठिपके आले. मेस्त रागावला नाही. त्यानं ठिपके मोजले, प्रत्येकाभोवती गोल काढला आणि म्हणाला, "उदक सांगता. आमी आयकपाचें." पाणी सांगतं, आपण ऐकायचं. रॉकेलालाही तो पाणीच म्हणत असे.

त्या कालव्यात मगरी आहेत, अजूनही आहेत. सुकतीला चिखलाच्या काठावर ओंडक्यासारख्या पडलेल्या असायच्या. पहिलं वर्षभर मी पाण्याजवळ जायचो नाही. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला मान्नगे थापणी करतात. चिखलाची मगर घडवायची, शिंपल्यांनी तिचं अंग सजवायचं, पूजा करायची, शेताचे बांध राख म्हणून तिला विनवायचं. एका वर्षी मेस्त मला घेऊन गेला. ती मातीची मगर बघताना नाशिकचे बैलपोळ्याचे मातीचे बैल आठवले. ज्याच्या जिवावर आपलं पोट, त्याची मूर्ती करायची.

१९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल पडला. उणापुरा सोळा वर्षांचा पूल. खाऱ्या हवेनं आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, असं पुढे सगळीकडे बोललं गेलं. आमच्या यार्डात त्या दिवशी मेस्तानं सगळ्या पोरांना गोळा केलं. भाषण वगैरे काही नाही. एका बार्जीची कापून काढलेली प्लेट त्यानं उभी केली. बाहेरून रंग शाबूत होता, चकचकीत होता. उलटी केली तर आतून पापुद्रे सुटत होते. "हें पळयात," म्हणाला. बस्स.

मला वाटतं कालव्यावरचा हा धंदा ढासळायला लागला तो खाणी बंद पडल्या तेव्हापासून नव्हे. त्याच्या आधी, तेजीतच तो ढासळला. चीनला पोलाद हवं होतं आणि गोव्याची हलकी मातीही विकली जाऊ लागली. २०१०-११ साली गोव्यातून सुमारे ५ कोटी ४० लाख टन खनिज बाहेर गेलं. एक दिवस बार्ज उभी राहिली की मालकाचं लाखांत नुकसान. आमच्याकडे बार्ज यायची ती ड्रायव्हरसकट घाईत. प्लेट कापायची नाही, वरूनच दुसरी प्लेट ठिगळासारखी मारा आणि सोडा. त्याला आम्ही डब्लर म्हणायचो. डब्लर अडीअडचणीचा उपाय, तेजीत तोच रिवाज झाला. ठिगळाखाली जुनी प्लेट कुजत राहते आणि हातोडी मारून काही कळत नाही, कारण आवाज वरच्या प्लेटीचा येतो. एका बार्जीवर मी तेजीच्या पाचव्या वर्षी डब्लरवर डब्लर मारला. मी तेव्हा फोरमन होतो, नाही म्हणायची माझी जागा होती आणि मी म्हटलं नाही. ती बार्ज पुढच्या पावसाळ्यात भरल्या मालासकट कलंडली. माणसं वाचली. त्या रात्री मला मेस्ताची आठवण येत राहिली. तो त्याच्या चार वर्षं आधी गेला होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं. २०१४ ला बंदी उठली, थोडं काम परतलं, पण २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा शांतता. खाणींनी डोंगर आणि शेतं किती खराब केली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कालव्याकाठच्या खाजनात लाल गाळ बसताना पाहिलाय, त्यामुळे न्यायालयाला बोल लावण्याचा अधिकार मला नाही. पण यार्डातली पन्नास-साठ माणसं एका महिन्यात पांगली. कुणी रिक्षा घेतली, कुणी आखातात गेलं, दोघं-तिघं मोठ्या यार्डात लागले. बार्जी भंगारात गेल्या. एक, जिचं अर्धं पोट मी बदललं होतं, धरमतरच्या खाडीत गेली, अजून चालते असं कानावर आहे. मी नाशिकला परतलो.

पुन्हा एकदा गेलो २०२३ मध्ये, भाचीच्या लग्नाला. जुवारीवरचा नवा केबलचा पूल झाला होता. गाडी वरून गेली, दिव्यांच्या माळा, फोटो काढणारी माणसं. पुलावरून मला कालव्याचं तोंड शोधायचं होतं, तोवर पलीकडे पोचलोसुद्धा. दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन यार्डावर गेलो. रूळ पाण्यात उतरलेले तसेच होते, खारफुटीनं दोन्ही बाजूंनी गिळत आणलेले. विंचच्या ड्रमवर तारेचे पदर गंजून एकजीव झालेले. शेडच्या आतल्या भिंतीवर खडूची रेघोटी दिसली म्हणून जवळ गेलो. हिशेब होता, कुणाच्या तरी ओव्हरटाइमचा. सुकती होती. समोरच्या काठावर एक मगर पडलेली. ती मात्र तेव्हा होती तशीच.

इकडे द्वारकाही ती राहिली नाही. लहानपणीचा उजवा कालवा शहरात बुजला, नाशिकरोडकडे आता कॅनॉल रोड आहे. त्यावरून जाणाऱ्या नव्या पोरांना कॅनॉल कुठे होता हे माहीत नाही. २०१३ साली उड्डाणपूल झाला तेव्हापासून लांबचे ट्रक आमच्या डोक्यावरून जातात. खाली चौकात दिवसभर कोंडी, पण ती कार-रिक्षांची. कसाऱ्याआधी थांबणारा कांद्याचा ट्रक वरून सुसाट निघून जातो आणि बिघडला तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची गाडी येऊन उचलून नेते. आम्ही ज्याला दुरुस्त करणं म्हणायचो ते आता बदलणं झालंय. पार्ट काढायचा, पार्ट टाकायचा. यात काही वाईट आहे असं मी म्हणणार नाही. रस्त्यात ब्रेक निकामी होऊन घाटात गेलेले ट्रक आम्ही पूर्वी फार पाहिले. पण नटावर हातोडी टेकवत फिरणारा माणूस मला या रस्त्यावर बऱ्याच वर्षांत दिसला नाही.

गॅरेज पुतण्या चालवतो. शेडला आता पक्की भिंत आहे, कडुलिंब रस्तारुंदीत गेला. डंपर आणि जेसीबीची कामं जास्त येतात. मी सकाळी जाऊन बसतो. गेल्या उन्हाळ्यात एका डंपरची हायड्रॉलिक ऑइलची टाकी आली, तळाच्या शिवणीतून गळणारी. गोरखपूरकडचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, हात चांगला आहे त्याचा. त्यानं शिवण मारली, तेल भरलं, संध्याकाळी डंपर परत दारात. पुन्हा मारली, दुसऱ्या दिवशी पुन्हा परत. तिसऱ्यांदा पुतण्या चिडला, म्हणाला नवीनच टाकी घेऊन टाकू.

मी म्हटलं, थांबा जरा. पलीकडच्या स्टेशनरीतून पांढरा खडू आणवला. रॉकेल आता रेशनवर कुठे मिळतं, म्हणून डिझेल घेतलं. मुलाला टाकी रिकामी करून कोरडी पुसायला लावली. शिवणीवर बाहेरून खडू घासायला लावला, आतून हात घालून ब्रशनं डिझेल. तो म्हणाला, "चाचा, इससे क्या होगा?" मी म्हटलं, चहा सांग.

चहा झाला. वरून ट्रक जात होते, पुलाच्या सांध्यावर प्रत्येकाचा एक ठोका. मुलगा टाकीशेजारी उकिडवा बसून राहिला होता. वीसेक मिनिटांनी तो एकदम पुढे झुकला. शिवणीच्या कोपऱ्यात, वळणावर, जिथे हात नीट पोचत नाही तिथे, पांढऱ्यावर मोहरीएवढा ओला डाग उमटला होता, आणि तो हळूहळू मोठा होत होता.

त्यानं माझ्या हातातला खडू मागून घेतला आणि त्या डागाभोवती गोल काढला.